टॅडवेलच्या मेंढीची आंघोळ

मार्केट टॅडवेलमध्ये पाहण्यासारखं काय आहे, असं बाहेरची माणसं विचारतात तेव्हा त्यांना बहुधा स्वच्छतागृह कुठे आहे एवढंच जाणून घ्यायचं असतं. तरीही गावाचा इतिहास आणि प्रेक्षणीय स्थळं सांगणारं एक माहितीपत्रक असावं, असा ठराव आमच्या नागरी मंडळाने गेल्या जानेवारीत केला आणि ते लिहायचं काम माझ्याकडे आलं. आलं म्हणजे काय, ठराव वाचून झाल्यावर मंडळाच्या अध्यक्षा ब्रॅमबाई यांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं, बाकीचे आठही सभासद एकाच वेळी आपापले बूट निरखू लागले आणि मला नेमकी तेव्हाच शिंक आली. ब्रॅमबाई अठ्ठावीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्या लेखी शिंक म्हणजे वर केलेला हात.

"छान! एडविन लिहितील," त्या म्हणाल्या आणि पुढच्या विषयाकडे वळल्या. पुढचा विषय बदकांचा होता.

खरं सांगायचं तर मला आनंदच झाला होता. या गावात मी एकतीस वर्षं राहतोय. पोरीचं लग्न इथल्याच चर्चमध्ये झालं, माझे दोन्ही गुडघे इथल्याच चढावर झिजले. तरी अजून बेकरीत आमचा उल्लेख 'ते नवीन आलेले पॉकरिज' असाच होतो. जुने पॉकरिज गावात कधी नव्हतेच, त्यामुळे घोटाळा व्हायचं काही कारण नाही. पण टॅडवेलात ज्याचा पणजोबा इथल्या मातीत नाही तो पाहुणा. मला वाटलं, गावाचा इतिहास लिहिणाऱ्याला तरी पाहुणा म्हणणार नाहीत.

इतिहास अर्ध्या पानात आटोपला. कोण्या राजाने सातशे वर्षांपूर्वी गावाला मंगळवारी बाजार भरवायची सनद दिली. पुढे यादवी युद्धात एक सैन्य गावावर चालून आलं, पण तो मंगळवार होता, चौकातून तोफा जाईनात, म्हणून ते पुढच्या गावात जाऊन लढलं. त्यानंतर काही झालेलं नाही. प्रेक्षणीय स्थळांत चर्चचा मनोरा आहे. तो कलला आहे, पण फोटो काढण्याइतका नाही. एक बदकांचं तळं आहे, त्यात बदकं नाहीत. आणि चौकातला बाजारखांब, ज्याच्यावर दगडात कोरलेली मेंढी आहे.

ही मेंढी म्हणजे गावाचा जीव. पूर्वी लोकरीचे व्यापारी सौदा पक्का झाला की मेंढीच्या नाकाला हात लावायचे, मग शब्द फिरवायची सोय नसे. आजही मंगळवारी मांडव टाकण्याआधी प्रत्येक विक्रेता तिच्या नाकाला हात लावतो. लग्नाआधी जोडपी लावतात, गाडीच्या परीक्षेआधी पोरं लावतात. नास्तिक माणसंसुद्धा इकडेतिकडे बघून लावतात. मी स्वतः डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशनआधी लावला होता. उजव्याच्या वेळी विसरलो, आणि तोच अजून दुखतो.

ती मेंढी आहे हे अर्थात माहीत असावं लागायचं. दगड मऊ, त्यात सहाशे वर्षांचा पाऊस, धूर, शेवाळ आणि कबुतरं. मुखपृष्ठासाठी मी तिचे चाळीस फोटो काढले. सगळ्यांत ती करपलेल्या पावासारखी दिसत होती.

"हे काय आहे?" माझी बायको मेरियल म्हणाली.

"मेंढी."

"कोणत्या बाजूने?"

म्हणून मी ठरवलं की मेंढी जरा स्वच्छ करून घ्यावी. माझ्या साऱ्या अधोगतीचं मूळ या 'जरा' शब्दात आहे.

मी नियमाने चालणारा माणूस आहे. चौतीस वर्षं घरकर्जाच्या संस्थेत काढली आहेत. तेव्हा आधी परवानगी. मी ग्रामपरिषदेला लिहिलं. त्यांनी कळवलं की खांब त्यांचा असला तरी मेंढी ऐतिहासिक असल्याने जिल्ह्याकडे लिहा. जिल्ह्याने अकरा पानांचा अर्ज पाठवला. 'काम वास्तूच्या अंतर्भागात आहे की बाह्यभागात?' मी लिहिलं, बाह्यभागात. मेंढी भरीव आहे. 'वास्तूत वटवाघळांचा अधिवास आहे का, याची तज्ज्ञाकडून पाहणी केली आहे का?' मी पुन्हा लिहिलं, मेंढी भरीव आहे. 'कामामुळे वाहनतळाच्या जागा कमी होतील का?' इथे मात्र माझ्या लेखणीने दम खाल्ला. नऊ आठवड्यांनी अर्ज परत आला. सोबतच्या नकाशावर उत्तर दिशेचा बाण नव्हता.

मी बाण काढून पाठवला. आणखी पाच आठवडे गेले. मे महिना संपत आला. जूनमध्ये जिल्ह्यातलं सर्वोत्तम छोटं बाजारगाव निवडणारे परीक्षक येणार होते आणि छापखानेवाला मुखपृष्ठ मागत होता. ब्रॅमबाई रस्त्यात दिसल्या की मी औषधाच्या दुकानात शिरायचो. माझ्याकडे खोकल्याच्या औषधाच्या सात बाटल्या जमल्या.

आता, माझ्या जावयाने नाताळात मला एक प्रेशर वॉशर भेट दिला होता. ज्या निवृत्त माणसाच्या हातात हे यंत्र पडलेलं नाही त्याला माझी अवस्था कळणार नाही. पाण्याची ती धार सुटली की वीस वर्षांची घाण पाच मिनिटांत जाते. आयुष्यात दुसरं कोणतं काम इतक्या लवकर झालेलं दिसतं? मी अंगण धुतलं होतं, कचऱ्याचे डबे धुतले होते, शेजाऱ्याचं फाटकही धुतलं होतं. धुवायला काही उरलं नाही तेव्हा अंगण पुन्हा धुतलं होतं.

हा शेजारी म्हणजे सिरिल बॅगशॉ. कुंपणावरून सल्ला देणं हा त्याचा निवृत्तीनंतरचा पूर्ण वेळेचा व्यवसाय आहे. त्याला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "समजा, एखादा जुना दगड धुवायचा असेल, तर कोणतं नोझल लावावं?"

"कसला दगड?"

"असाच. दगड."

"पिवळं फुलझाडांना, हिरवं गाडीला," सिरिल म्हणाला. "दगडाला लाल, सगळ्यांत जोराची धार. डोळे मिटून लाल. दगडाला काय होतंय?"

सोमवारी पहाटे साडेपाचला मी यंत्र ढकलत चौकात गेलो. उजाडलेलं होतं, चिटपाखरू दिसत नव्हतं. चौकातल्या बाजारघराची किल्ली मंडळाचा सचिव म्हणून माझ्याकडेच होती, त्यामुळे पाणी आणि वीज दोन्ही मिळाली. माझ्या मनात पाप नव्हतं. मी फक्त खालच्या पायऱ्या धुणार होतो. पायऱ्यांना परवानगी लागते असं अर्जात कुठे म्हटलेलं नव्हतं.

पायऱ्या अशा निघाल्या की मला स्वतःचा अभिमान वाटला. मग लक्षात आलं की उडालेल्या पाण्याने खांबाच्या बुडाशी बशीएवढा पांढरा डाग पडलाय. तो फारच उठून दिसत होता. म्हणून त्याच्याभोवती थोडं धुतलं. डाग ताटाएवढा झाला. आता अर्धवट सोडलं तर कोणीतरी काहीतरी केलंय हे आंधळ्यालाही दिसलं असतं, तेव्हा शहाणपण यातच होतं की सगळा खांब एकसारखा करावा. मी एकसारखा करत करत वर गेलो. वर मेंढी होती. काळ्या खांबावर पांढरी मेंढी चालली असती, पण पांढऱ्या खांबावर काळी मेंढी कशी दिसेल?

मी तिच्यावर धार धरली ती मोजून दहा सेकंद. आधी काळं पाणी आलं. मग तपकिरी. मग पिवळसर वाळू आली, आणि ती बराच वेळ येत राहिली. मी यंत्र बंद केलं. शेवाळ गेलं होतं, धूर गेला होता, कबुतरांचं सगळं गेलं होतं. मेंढीही गेली होती. आत चांगला दगड असेल आणि वरून घाण चढली असेल अशी माझी समजूत. पण ती घाणच मेंढीला धरून होती. माझ्यासमोर गुळगुळीत, कोरा, मधाच्या रंगाचा एक गोळा होता. इतका स्वच्छ दगड मी जन्मात पाहिलेला नाही.

मी वाळू बुटाने गटारात लोटली. हे वाक्य लिहितानाही मला लाज वाटते, पण लोटली.

घरी मेरियल स्वयंपाकघरात चहा करत होती. तिने माझ्या पँटकडे पाहिलं.

"काय धुतलंस?"

"पायऱ्या."

"आणि?"

"थोडा खांब."

"एडविन."

"आणि मेंढी."

"स्वच्छ झाली?"

"फार."

तिने किटली खाली ठेवली. चेहरा बघूनच तिला कळलं असावं. "आत्ताच्या आत्ता ब्रॅमबाईंकडे जा आणि सांग," ती म्हणाली.

"सकाळचे सहा वाजलेत."

"मग सातला जा."

सातला मी गेलो नाही. आठला म्हटलं, त्यांची न्याहारीची वेळ असेल. दहाला म्हटलं, आता सकाळी सातला का नाही आलात असं विचारतील. लाज ही अशी चीज आहे की पहिल्या तासात ती गिळता येते. नंतर ती फुगत जाते.

सोमवारी चौकात कोणी मान वर करून बघत नाही. दुसऱ्या दिवशी मंगळवार. अंडीवाल्या डॉरकास गार्लिक सगळ्यांत आधी येतात. त्यांची आई, आजी, पणजी याच जागी अंडी विकत होत्या. त्यांनी टोपल्या खाली ठेवल्या, दरवेळेसारखा न बघताच हात वर केला, आणि तो हात घसरला. त्यांनी पुन्हा लावला. मग त्या नुसत्या उभ्या राहिल्या. पावाचा स्टॉलवाला आला, तो त्यांच्या मागे उभा राहिला. चीजवाली त्याच्या मागे. पाहता पाहता रांग लागली. आमच्याकडे कुठे दोन माणसं एकामागे एक उभी दिसली की तिसरा कारण न विचारता मागे उभा राहतो. प्रत्येक जण पुढे येई, कोऱ्या दगडाकडे बघे, "अरेरे" म्हणे आणि मागच्याला जागा देई. रांग पार पोस्टापर्यंत गेली. मी न थांबता निघून गेलो असतो तर संशय आला असता, म्हणून मीही रांगेत उभा राहिलो. पंचवीस मिनिटं. माझी पाळी आली तेव्हा मी "अरेरे" म्हटलं. ते मात्र मनापासून होतं.

गार्लिकबाई तिथेच होत्या. त्यांनी माझा हात धरला. "मिस्टर पॉकरिज, तुम्हाला किती लागलं असेल मनाला! तुम्ही तर तिच्यासाठी सरकारशी भांडत होतात."

सांगायला याहून चांगली वेळ नव्हती. मी तोंड उघडलंही. "मिसेस गार्लिक, ती मेंढी मी—"

"मला माहितीये," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "तुम्ही जिवापाड जपली." आणि मला सहा अंडी दिली. मी ती घेतली. घरी मेरियलने त्यांना हात लावायला नकार दिला; मी एकट्याने खाल्ली.

त्याच आठवड्यात मंडळाची तातडीची बैठक झाली. ब्रॅमबाईंचा आवाज पहिल्यांदाच कापरा ऐकला. "हे ज्याने केलं त्याला शोधायचं," त्या म्हणाल्या. "चौकशी समिती नेमते. अध्यक्ष असा हवा, ज्याच्या सचोटीबद्दल कोणाला शंका नाही."

मी शिंक आवरून धरली होती. काही उपयोग झाला नाही.

अशा रीतीने मी मलाच शोधायच्या कामाला लागलो. या कामात एक सोय असते आणि एक गैरसोय असते. दोन्ही सांगायला नकोत. मी जबान्या घेतल्या. कोणाचं मत आम्लपावसावर होतं, कोणाचं शेजारच्या गावावर, कारण तेही स्पर्धेत होते. सिरिल बॅगशॉ तर दोन पानांचं निवेदन घेऊन आला. त्यात लाल नोझलचा उल्लेख नव्हता.

"सिरिल," मी हळूच म्हटलं, "तुला आपलं कुंपणावरचं बोलणं आठवतंय?"

"कुठलं?" तो म्हणाला आणि माझ्या डोळ्यांत अशा निरागसपणे बघू लागला की क्षणभर मलाही आठवेना. मित्र म्हणून त्याने मला वाचवलं, की साक्षीदार म्हणून स्वतःला, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

मग बेकरीवाल्याने जबानीत सांगितलं की सोमवारी पहाटे तो भट्टी पेटवायला आला तेव्हा चौकाच्या कोपऱ्यात रेग टॉलीची गाडी उभी होती. रेग टॉली खिडक्या पुसतो. चौकातल्या दुकानांच्या, आणि पंधरा दिवसांनी एकदा गुरुवारी आमच्यासारख्यांच्या घरांच्या. गाडीत शिडी, बादल्या, आणि एक भलामोठा प्रेशर वॉशर. समितीतल्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आपण कोणावर आरोप करत नाही आहोत," ब्रॅमबाई म्हणाल्या.

"छे, छे," सगळे म्हणाले.

आमच्या गावात कोणी कोणावर आरोप करत नाही. तोंडावर कोणी एक शब्द बोललं नाही. फक्त औषधवाल्याने रेगला कळवलं की या उन्हाळ्यात खिडक्या जरा तशाच राहू द्याव्यात म्हणतोय. पोस्टाने कळवलं की त्यांना धुळीने काही होत नाही. वाचनालयातल्या बाईंनी सांगितलं की आता त्या स्वतःच पुसणार, व्यायाम होतो. सगळे त्याच्याशी पूर्वीपेक्षा गोड बोलू लागले. गावाने एखाद्याला वाळीत टाकायचं ठरवलं की त्याला हवामान कसं आहे हे दिवसातून सहा वेळा विचारलं जातं. रेगकडे चौकातली सतरा दुकानं होती. जून संपेस्तोवर पाच उरली.

मी तोंड उघडायचा प्रयत्न केला नाही असं कोणी म्हणू नये. मी चर्चमध्ये गेलो, पाद्रीणबाईंना म्हटलं, "माझ्या मनावर एक ओझं आहे, मेंढीचं."

"आपल्या सगळ्यांच्याच मनावर आहे," त्या म्हणाल्या आणि मला शोकसभेत बोलायचं आमंत्रण दिलं.

मग मी पोलिसांकडे गेलो. आमच्याकडे पोलीस दर बुधवारी वाचनालयात दोन तास बसतो. त्याने संगणक उघडला. "तुम्ही पीडित की साक्षीदार?"

"दोन्ही नाही."

"इथे दोनच चौकटी आहेत, सर."

"समजा एखाद्याला कबुली द्यायची असेल तर?"

"ती इथून होत नाही. गुन्हा आधी नोंदवलेला असावा लागतो. तो मंडळाच्या चौकशी समितीने नोंदवायचाय." त्याने कागद पाहिला. "अध्यक्ष पॉकरिज म्हणून कोणी आहेत. त्यांना भेटा."

मी घरी आलो. मेरियलने ऐकून घेतलं. "तू सांगायला जातोस तेव्हा समोरचा ऐकणार नाही अशा माणसाकडेच कसा काय पोचतोस रे?" ती म्हणाली. मला राग आला. बरोबर होतं म्हणून आला.

आणि दर पंधरवड्याच्या गुरुवारी रेग यायचाच. मी त्याला हवामान विचारायचो. चहा न्यायचो, सोबत बिस्किटं. दोन, मग चार, मग सगळा डबा. तो शिडीवरून "थँक यू, मिस्टर पॉकरिज" म्हणायचा आणि माझ्याकडे जरा थांबून बघायचा. मला वाटायचं, बिचाऱ्याला सहानुभूती हवी असेल. म्हणून मी आणखी थोडी सहानुभूती दाखवायचो.

जुलैच्या मध्यावर अहवाल मांडायला गावसभा झाली. सभागृह गच्च. रेग शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या मोकळ्या होत्या, आणि माणसं मागे उभी होती. त्या दोन मोकळ्या खुर्च्यांनी माझं काय केलं ते सांगता येणार नाही. अहवाल ब्रॅमबाईंनी लिहून दिला होता. त्यात नाव नव्हतं. 'पाण्याच्या दाबावर चालणारी उपकरणं धंद्यासाठी बाळगणाऱ्या व्यक्तींकडून' एवढंच होतं. अशी व्यक्ती गावात एकच आहे हे लिहायची गरज नव्हती. मी उभा राहिलो, कागद हातात धरला, आणि पहिलं वाक्य माझ्याने वाचवेना.

"मेंढी मी धुतली," मी म्हणालो.

मग ब्रॅमबाई हळुवारपणे म्हणाल्या, "अध्यक्ष म्हणून एडविन सगळी नैतिक जबाबदारी स्वतःवर घेत आहेत." आणि टाळ्या पडल्या.

"नैतिक नाही!" मी ओरडलो. "खरीखुरी! यंत्राने! माझ्या जावयाने दिलेल्या!"

"दमलेत ते," कोणीतरी म्हणालं. "पाणी द्या."

"साडेपाच वाजता, बाजारघराच्या नळाला पाइप लावून! आधी पायऱ्या, मग खांब! लाल नोझल लावून!"

"मी हिरवं म्हटलं होतं!" सिरिल बॅगशॉ चौथ्या रांगेतून ताडकन उठून म्हणाला, आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन खाली बसला.

तेव्हा कुठे लोकांना पटलं. मी मान खाली घालून उभा होतो. शिव्या पडतील, कोणी बूट फेकेल, निदान गार्लिकबाई दिलेली अंडी परत मागतील, असं वाटत होतं. त्याच उठल्या.

"माझ्या आईचा हात तिथे लागायचा," त्या म्हणाल्या. "आता कुठे लावू?" मग त्यांनी स्वतःला सावरलं. "पण तुमचा हेतू वाईट नव्हता, मिस्टर पॉकरिज."

या एका वाक्याने बांध फुटला. हेतू वाईट नव्हता, असं सगळेच म्हणू लागले. ब्रॅमबाईंनी माझ्या धैर्याची नोंद घेणारा ठराव मांडला, तो एकमताने मंजूर झाला. चहाच्या वेळी माणसं रांग लावून माझा हात हातात घेत होती. "फार मोठं मन लागतं याला." "मला जमलं नसतं." बेकरीवाला म्हणाला, "पॉकरिज, तुम्ही आमचेच." एकतीस वर्षांत पहिल्यांदा! केकचे दोन तुकडे खाऊन झाल्यावर मला वाटू लागलं की मी खरोखर काहीतरी थोर केलंय. रेगला भेटावं म्हणून मी मागे बघितलं, पण तो गेला होता. म्हटलं, भेटेल गुरुवारी. घरी जाताना मी मेरियलला म्हणालो, "बघितलंस, खरं बोललं की माणसं किती मान देतात!" तिने छत्री जरा जोरात उघडली.

गुरुवारी रेग आला. मी बाहेर जाऊन वाटच बघत होतो. मनात वाक्यं तयार होती. त्यांत 'मोकळेपणा' आणि 'दोघांसाठीही कठीण काळ' असे शब्द होते. त्याने शिडी लावली, बादलीत फडकं बुडवलं.

"रेग, माझ्यामुळे तुला जो त्रास झाला—"

"मी होतो तिथे," रेग म्हणाला.

"कुठे?"

"चौकात. औषधवाल्याच्या वरच्या मजल्याच्या खिडकीवर, शिडीवर. पायऱ्यांपासून शेवटपर्यंत बघितलं. बुटाने वाळू लोटलीत तेसुद्धा."

चौतीस वर्षं मी लोकांची कागदपत्रं तपासली. गाडी चौकात उभी होती म्हणजे गाडीवाला जवळच कुठेतरी असणार, एवढी साधी गोष्ट जबान्या घेताना मला सुचली नव्हती. की सुचू दिली नव्हती?

"मग तू बोलला का नाहीस?" मी म्हणालो.

"कोणाला? समितीला?" तो फडकं पिळत होता. "आणि मी बोलायचं कशाला? तुम्ही सांगणार होतात ना. घरी शीला रोज म्हणायची, जा, सांगून टाक सगळ्यांना. मी म्हणायचो, अगं, पॉकरिजसाहेब तसे नाहीत, ते स्वतःच सांगतील. तू ओळखत नाहीस त्यांना. औषधवाल्याने काढलं तेव्हाही म्हटलं. पोस्टाने काढलं तेव्हाही."

"पण रेग, मी शेवटी सांगितलं की!"

"हो. सांगितलंत," तो म्हणाला. त्याने काच वरपासून खालपर्यंत एका दमात पुसली आणि कडेचं पाणी बोटाने निपटलं. "पण तोवर मी घरात तसं म्हणायचं सोडलं होतं."

मग शिडी उचलून तो पुढच्या खिडकीकडे गेला.